या तबकडीत कात्री नाही

१ ऑक्टोबर, बुधवार

एक नंबर, कशी आहेस गं? ठणठणीत. दोन, तूही बरी दिसतेस. तीन, तुझा डबा परत दमट लागतोय, तुला खिडकीपासून हलवायला हवं. चार, तुला मात्र आंबूस वास यायला लागलाय, बरणीतल्या काकडीसारखा. पाच आणि सहा, तुम्हा जुळ्यांना काय धाड भरलीय! सात, तुझी विचारपूस मी झाकणावरूनच करते, तुझा डबा उघडायचा नाही असं होल्गरने सांगून ठेवलंय. आठ, नऊ, दहा, बऱ्या आहात ना? अकरा, तुझी पावडर गळतेय की काय, कडेला तपकिरी भुकटी दिसतेय.

अशा तेवीस जणी. दर महिन्याच्या एक तारखेला मी माडीवर जाते आणि प्रत्येक डब्याला नाक लावून चौकशी करते. शेजारची बिर्गित म्हणते, आस्ता, तुला वेड लागलंय. तिची मांजर आजारी पडली की ती मांजरीला डॉक्टरांच्या भाषेत समजावते, ते चालतं.

ही वही आज काढली, कारण परवा कोपनहेगनहून एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस येतोय. माझ्या नवऱ्याने, होल्गरने, आणि मी 'रेबर' या नावाने काढलेल्या तेवीसच्या तेवीस तबकड्या, या डब्यांतल्या मूळ फितींवरून, त्यांना नव्याने काढायच्या आहेत. होल्गर असता तर जेवताना त्याच्याशी बोलले असते. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा वहीशी बोलते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आला होता. येप्पे नाव. वय पस्तीस, टाच न टेकता चालतो. येताना स्टेशनवरून लिव्हरचं सारण लावलेला पाव आणला होता, तो खाता खाता माडी पाहिली आणि अर्धा पाव अकरा नंबरच्या डब्यावर ठेवला. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग! त्याच्या नाकासमोर तो डाग मी ॲप्रनच्या टोकाने टिपला, तरी त्याला काही वाटलं नाही.

"आस्ता, तुझ्याकडे काय माल आहे, कल्पना आहे तुला?"

"माल म्हणजे?"

"हे सगळं! लोक भांडी घासताना ऐकतील, गाडीत ऐकतील. 'शांत संध्याकाळ' अशी एक गाण्यांची यादी केलीय आम्ही, तिच्यात तुमचं सातवं अगदी चपखल बसतं."

त्या सातमध्ये लेनार्टने फुप्फुसं फाटेस्तोवर ट्रम्पेट फुंकला, तो यांची भांडी चकचकीत व्हावीत म्हणून.

मग विचारायला लागला, हे सुरू कसं झालं. सांगितलं. होल्गर रेडिओ दुरुस्त करायचा, मी बेकरीत कामाला. दोघांनाही संगीताचं शिक्षण नाही, कान मात्र होते. एकाहत्तर साली बंदरावरची ही दोरखंड वळायची माडी रिकामी पडली. साठ पावलं लांब, लाकडाची; टाळी वाजवली की आवाज दुसऱ्या टोकाला जाऊन विचार करून परत यायचा. होल्गरने दोन मायक्रोफोन टांगले. कोपनहेगनच्या मोठ्या स्टुडिओंनी ज्यांना दारात उभं केलं नाही ते जॅझवाले इथे यायचे, माझ्याकडे जेवायचे, वर जाऊन वाजवायचे. जे वाजलं ते तबकडीवर. कोणी खोकला, खोकला गेला. बोटीचा भोंगा झाला, भोंगा गेला. समुद्रपक्ष्यांचं भांडण तर तीन तबकड्यांत आहे. सगळीकडे लोक फितीचे तुकडे करून चांगलं चांगलं तेवढं सांधत होते, तेव्हा आम्ही प्रत्येक कव्हरच्या मागे एक ओळ छापायचो: या तबकडीत कात्री नाही.

येप्पेचे डोळे लकाकले. "तेच! तेच हवंय. नव्या संचाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापू. आणि खाली तुझी सही. 'तेवीसांपैकी एकीलाही कात्री लागलेली नाही, आस्ता थोरूप.' कागद पाठवतो, महिनाअखेर दे."

दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेली ही एकच गोष्ट मला आवडली. सही मी आनंदाने करीन. आमच्याजवळ दुसरं होतं काय? शब्द होता.

६ ऑक्टोबर, सोमवार

कागद आला. सही करायला बसले आणि सातवरून थोर्किल आठवला. तोंड कडू झालं.

सात म्हणजे आमच्या घरातली कमावती मुलगी. चौदा मे एकोणीसशे शहात्तर. लेनार्ट ट्रम्पेटवर, पोव्हल ड्रमवर, थोर्किल त्याच्या त्या मोठ्या बासवर, म्हणजे माणसाएवढ्या, खर्जाच्या व्हायोलिनवर. थोर्किल तेव्हा दर रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा, होल्गरचा सख्खा दोस्त. दुसऱ्या बाजूला बाराव्या मिनिटाला बास एकटाच चाललाय, चढत चढत एका जागी येतो आणि वाक्याच्या मध्येच थांबतो, जसा बोलणाऱ्याच्या तोंडावर कोणी हात ठेवावा. आणि तिथून ट्रम्पेट! त्या एका जागेवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. केवढं धाडस, म्हणाले. असं अर्धवट सोडायला काळीज लागतं, म्हणाले. जपानहून एक माणूस ती माडी बघायला आला होता, तिथे उभा राहून रडला.

आणि ब्याऐंशी साली थोर्किलने गावच्या वर्तमानपत्रात मुलाखत दिली. काय तर, "सातमध्ये कात्री आहे." कुठे? "बाराव्या मिनिटाला." काय कापलं? "ते होल्गरला विचारा."

आमच्या घरचं अन्न खाऊन! मी पुढच्याच अंकात पत्र लिहिलं. थोर्किल ब्रूस खोटारडा आहे आणि स्वतःची वाजवण्यातली चूक दुसऱ्याच्या सुरीवर ढकलतो आहे, असं स्पष्ट लिहिलं. होल्गरला वाचून दाखवलं तर तो खाली जाऊन यंत्राला तेल देत बसला. इतका दुखावला होता बिचारा. त्याच वर्षी सातची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्या कव्हरवरून थोर्किलचं नाव मी काढून टाकलं. कव्हरं मीच घडी घालून चिकटवत असे. बरं केलं.

तो नंतर समोरच्या बेटावर, एरोला राहायला गेला. बोटीने सव्वा तासाचा रस्ता. बत्तीस वर्षांत ना तो आला, ना मी गेले. होल्गरच्या दफनाला मात्र आला होता, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर. नंतर सगळे कॉफीला आले, हा न घेताच निघून गेला. त्याच्या ताठ्याची मला किळस आली.

सही राहिलीच. पेनातली शाई वाळली होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीने फिती उतरवून घ्यायला बाई पाठवली आहे, सान्ने. मी सांगितलं होतं, एकही डबा या घराबाहेर जाणार नाही, तर ती यंत्रच गाडीत घालून आली. पन्नाशीची, हात सुतारासारखे. पावसात उभी राहून स्वतः वळलेली सिगरेट ओढते, आत ओढ म्हटलं तर म्हणाली, "फितींना सवय लागेल." मला आवडली.

पण तिने सकाळी सकाळी जे सांगितलं त्याने माझी कॉफी घशात अडकली.

"आस्ता, भाजायला लागतील."

"काय भाजायला लागतील?"

"फिती. त्या सालातल्या फितींचा डिंक ओलावा धरतो, चिकट होतो. तशीच चालवली तर सगळा आवाज यंत्राच्या तोंडाला खरवडून येईल. चोपन्न अंशांवर आठ तास ठेवायच्या. मग कोरड्या होतात."

"अगं, माझ्या नवऱ्याचं आयुष्य आहे ते, बटाटे नव्हेत!"

"बटाट्यांना चोपन्न पुरत नाही," ती म्हणाली.

शेवटी मी सफरचंदाच्या चकत्या वाळवते ते यंत्र दिलं. अकराला आत ठेवलं तेव्हा मी तोंड फिरवलं. दुपारभर स्वयंपाकघरात जुन्या पुठ्ठ्याचा, गोंदाचा आणि मागच्या वर्षीच्या सफरचंदांचा एकत्र वास, शी! पण संध्याकाळी अकरा वाजली, आणि काय वाजली! एकही कण गळला नाही.

त्या यंत्राची ऊब पाहून पिलं आठवली. शहात्तरच्या मे महिन्यात कोंबडीने टाकून दिलेली बारा पिलं मी खोक्यात वाढवली होती. ऊब द्यायला दुसरं काही सापडेना म्हणून जिन्यातला लाल दिवाच काढून खोक्यावर टांगला. होल्गर नंतर दोन दिवस तोंड फुगवून होता. बारातली अकरा जगली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नऊ जणी झाल्या. सान्नेने जिन्यातल्या दिव्याबद्दल विचारलं. सांगितलं, रेकॉर्डिंग चालू असलं की तो लाल दिवा लागायचा. दिवा लाल असताना वर पाऊल टाकायचं नाही, मग खाली आग लागली तरी. "आणि या सगळ्या वर्षांत," मी म्हटलं, "मी दिवा लागलेला असताना एकदाही वर गेले नाही. कॉफीचा ट्रे घेऊन जिन्यात तासतासभर उभी राहिले आहे. पाय सुजायचे."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. पंतप्रधानांना नसेल इतका मान होता त्या दिव्याला."

ती हसली आणि पावसात गेली.

येप्पेचा फोन. सातवर समुद्रपक्षी ओरडतात ते पुसून टाकता येतील का, विचारत होता. यादीतल्या श्रोत्यांना त्रास होतो म्हणे. मी फोन ठेवला आणि साबणाने हात धुतले, फोनवरून काही लागतं असं नाही, तरी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काय झालं ते आधी लिहून काढते.

आज सातचा डबा उघडला. उघडावाच लागला. आठ तास यंत्रात ठेवली, थंड केली, सान्नेने ती चढवली. दुसरी बाजू, बारावं मिनिट. बास चढत गेला, ती जागा आली आणि फट् करून फीत दोन झाली! एक टोक यंत्रावर गरगर फिरतंय, दुसरं खाली लोंबतंय.

मी किंचाळले. "कापलीस! माझ्या डोळ्यांदेखत कापलीस!"

"आस्ता, मी हातही लावला नव्हता."

"भाजून भाजून जाळलीस तिला! तो तुझा साहेब, त्याला पक्षी नको आहेत, भोंगे नको आहेत, म्हणून तुकडे करायला पाठवलं तुला. नीघ माझ्या घरातून!"

ती गेली. जाताना दोन्ही टोकं कागदी पाकिटात घालून घेतली, तेही मला नंतर कळलं. अडतीस वर्षं कोणी बोट लावलं नव्हतं. इतकी घाण माणसं मी घरात घेतली, मीच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दारात सान्ने. पावाची पिशवी पुढे केली, मी घेतली नाही. तिने मला खिडकीशी नेलं, उजेडात ती दोन टोकं धरली.

"बघ. तुटलेली फीत ताणते, लांबट होते, कडेला सुरकुतते. ही बघ कशी आहे."

दोन्ही टोकं तिरकी, सरळ, स्वच्छ. पाठीला पिवळा पडलेला चिकटपट्टीचा तुकडा. डिंक पार सुकलेला.

"ही सुरीने कापलीय. आधी कधीतरी. पट्टी लावून सांधलेली होती, काल उबेने पट्टी सुटली. आणि आस्ता, ज्याने कापली त्याचा हात सराईत होता. मला इतकं सुबक जमत नाही."

मी खुर्चीत बसले.

"आणखी एक." तिने डब्यातून रीळ उचललं, खालची पुठ्ठ्याची चकती काढली. तिच्याखाली कॉफीच्या कागदी पिशवीत गुंडाळलेली फितीची एक छोटी गुंडाळी, बांगडीएवढी. पिशवीवर होल्गरच्या पेन्सिलीने: १४ मे. टाकू नये.

"उरलेला तुकडा असेल," मी म्हटलं. "होल्गर दोरीचा तुकडासुद्धा टाकत नसे."

"ऐकायचा?"

"नाही."

माझं डोकं तेव्हा दुसरीकडेच धावत होतं. माडीची एक किल्ली थोर्किलकडे असायची! त्यानेच कापलं, आणि सहा वर्षांनी स्वतःच बोंब मारली. नाहीतर त्याला नेमकं बारावं मिनिट कसं ठाऊक? मी हे सान्नेला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं म्हाताऱ्या माणसाचं बटण चुकीच्या काजात लागलेलं दिसावं आणि सांगावं की नको कळू नये, तसं.

काय माणूस! जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी बसायचा. आठवूनच शिसारी येते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

येप्पे फोनवर. सान्नेने त्याला सांगितलंय.

"काही काळजी करू नकोस आस्ता. सान्ने सांधेल, कोणाला कळणार नाही."

"पण कात्री लागलीय."

"अगं, पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी—"

"अडतीस."

"अडतीस. कोण आता भिंग घेऊन बघणार? 'कात्री नाही' हीच तर आपली खरी गंमत आहे, लोकांना तेच आवडतं. तू फक्त सही कर."

म्हणजे मी खोटं लिहून द्यायचं, की खोटं नाही. ऐकताना वाटलं, फोनच्या भोकांतून काहीतरी ओशट बाहेर येतंय.

पण फोन ठेवल्यावर किती तरी वेळ कागद पुढ्यात घेऊन बसले. सही केली नाही, कागद फाडलाही नाही. 'रेबर' म्हणजे ती एक ओळ. ती गेली तर एक रेडिओवाला आणि एक पाववाली, दोघांनी मिळून केलेली तेवीस तबकड्यांची हौस, एवढंच उरतं. होल्गरचं नाव जातं. तेही थोर्किलच्या पापाने!

हेरिंग आणली होती, तशीच राहिली. वासही सहन होईना.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी सान्नेला म्हटलं, लाव ती गुंडाळी. पुरावा हवा होता मला.

जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आधी बास. चढतोय. ती जागा येते, जिथे जपानचा माणूस रडला. बास थांबत नाही. थांबलेलाच नाही कधी. त्याच वेळी दाराची कुरकुर, कपबशांची किणकिण, आणि एका बाईचा आवाज, खणखणीत, बेकरीत गिऱ्हाइकाला हाक मारावी तसा:

"थोर्किल, साखर दोन की तीन?"

बास चालूच.

"अरे, बोल की! निवतेय."

आणि बास न थांबवता, हसू दाबत, पुरुषाचा आवाज: "तीन."

"तीन म्हणे! दात पडतील." मग पावलं, जिना, दार.

त्यानंतर एक मिनिट बास एकटा. मी शिकलेली नाही, पण तेवीस तबकड्या वाढवल्यात. असा बास मी थोर्किलकडून ना आधी ऐकला ना नंतर. हसतोय तो. ते हसू दाबायला जातो आणि ते बोटांत उतरतं, आणि पोव्हल मागून ड्रमवर नुसता हात फिरवतो, आणि मग ट्रम्पेट येतो, दोन पायऱ्या चुकवून धावत आल्यासारखा, कारण लेनार्टही हसतोय.

सान्ने म्हणाली, "पुन्हा लावू?"

मी म्हटलं, "तो आवाज माझा आहे."

"हो," ती म्हणाली. तिला शनिवारीच शंका आली होती, कॉफीच्या पिशवीवरून: कॉफीचा ट्रे घेऊन जिन्यात उभी राहणारी मीच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जिन्यातल्या दिव्याची खोबण पाहून आले. त्या चौदा मेला ती रिकामी होती, दिवा पिलांच्या खोक्यावर. बारातली अकरा पिलं जगली होती.

२६ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस मला माझ्याच हातांची घाण वाटतेय.

होल्गरवर आधी खूप चिडले. त्याच्या फोटोसमोर उभी राहून बोलले, बिर्गितने भिंतीतून ऐकलं असेल तर ऐको. तू मला सांगितलं का नाहीस? चारचौघांत फजिती नको म्हणून वाचवलंस? कोणी सांगितलं होतं वाचवायला? मी म्हटलं असतं, छाप माझा आवाज, भोंगा चालतो तर आस्ता का नाही चालत! पण तुला माहीत होतं, मी आठ दिवस रडले असते आणि पुन्हा कधी माडीवर आले नसते. तेव्हाची मी तशीच होते. म्हणून तू दोस्ताचं सगळ्यात चांगलं मिनिट कापलंस, आणि मी पत्र लिहिलं तेव्हा यंत्राला तेल देत बसलास.

आणि तो थोर्किल! "ते होल्गरला विचारा." एवढंच. त्याच्यावर गावभर खोटारडा म्हणून शिक्का बसला, तेव्हा फक्त एक शब्द बोलायचा होता त्याने: कॉफी. नाही बोलला. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि कॉफी न घेता गेला, आणि मी त्याला ताठा म्हटलं. या वहीत, सहा तारखेला. खोडणार नाही. राहू दे तिथेच.

दुपारी कव्हरांचं कपाट उघडलं. सातच्या दुसऱ्या आवृत्तीचा मूळ कागद सापडला. छपाईला जाण्याआधी मी त्यातून त्याचं नाव काढलं होतं, माझ्या भरतकामाच्या कात्रीने, टोकदार, छोट्या. लेनार्टचं नाव आहे, पोव्हलचं आहे, मध्ये चौकोनी भोक. अगदी सुबक कापलंय. त्याच कागदावर खाली ती ओळ: या तबकडीत कात्री नाही.

ओकारी आली. खरोखर आली, न्हाणीघरात जावं लागलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

येप्पे सही न्यायला आला. या वेळी पाव नव्हता, हातात केकचा डबा. मी कागद सही न करताच परत दिला.

"आस्ता, असं करू नकोस."

"तो तुकडा परत आत जाणार. माझा आवाज, कपबशा, सगळं."

"पण त्या अर्धवट जागेसाठीच तर लोक ती तबकडी घेतात! आणि मध्येच कोणी बाई साखर विचारतेय, हे कोणाला ऐकायचंय?"

"ती कोणी बाई नाही. ती मी आहे."

"ते खरं गं, पण यादीत..."

"तुझी यादी घाल चुलीत."

तो डोकं धरून बसला. मग हळूच म्हणाला, "आणि डब्यावर काय छापू मग?"

"छाप, बावीस जणींना कात्री नाही. सातला होती, ती आम्ही लपवली, आणि ज्याने खरं सांगितलं त्याला खोटं पाडलं. त्याचं नाव थोर्किल ब्रूस. नाव मोठ्या अक्षरांत, माझी सही बारीक."

सान्ने दारात उभी होती. तिने पहिल्यांदा तोंड घातलं. "तू ते मिनिट ऐकलंयस का येप्पे? नाही ना? मग बस."

त्याने ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. चांगला माणूस झाला असं लगेच म्हणत नाही, पण ऐकताना त्याने खिशातला फोन काढला, बघितला नाही, परत ठेवला. मग म्हणाला, वरिष्ठांना विचारावं लागेल, कदाचित सगळंच रद्द होईल.

"होऊ दे," मी म्हटलं.

तो गेल्यावर सान्नेने मला सांधायला शिकवलं. खाचेत दोन टोकं ठेवायची, समोरासमोर, मध्ये केसाएवढीही फट नको, वर पट्टी, नखाने घासायचं. पण मी अजून शेवटची पट्टी लावलेली नाही. त्यात त्याचं वाजवणं आहे. त्याला न विचारता त्याचं कापलं होतं, आता त्याला न विचारता जोडायचंही नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज माडीवर गेले नाही. सगळ्या जणी खाली जेवणघरातच आहेत, बऱ्या आहेत. सकाळच्या बोटीने एरोला पत्र जाईल. इथे उतरवून ठेवते.

प्रिय थोर्किल,

तू कसा आहेस? गुडघे कसे आहेत? ते तेव्हाच कुरकुरायचे. तुझी माग्ना कशी आहे, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं असं बिर्गितच्या बहिणीकडून कळलं, आता बरं दिसतं का? मुलगी ओडेन्सलाच आहे ना? आणि तुझा बास, त्याच्या पोटाला भेग होती, ती वाढली तर नाही? मी बरी आहे. ऐकू येतं. हल्ली जरा जास्तच.

मी सातचा डबा उघडला. तुला आणखी काही सांगायला नको, तुला सगळं अडतीस वर्षं माहीत आहे. मी तुला छापून खोटारडा म्हटलं. तुझं नाव मी स्वतः कात्रीने कापलं, तो कागद सोबत पाठवते आहे, भोकासकट. माफ कर असं लिहायला बसले तर ते फार स्वस्त वाटलं, म्हणून लिहीत नाही, पण पेन तिथे बराच वेळ थांबलं होतं.

लाल दिवा पिलांच्या खोक्यावर होता. एवढंच माझ्या बाजूने. बाकी काही नाही.

होल्गरने ते मिनिट टाकलं नाही. कॉफीच्या पिशवीत ठेवलं होतं. त्याच्या मनात काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मला ते मिनिट जागेवर लावायचं आहे. फितीची दोन टोकं सान्ने नावाच्या बाईने खाचेत समोरासमोर धरून ठेवली आहेत, वर पट्टी लावायची तेवढी राहिली आहे. तू हो म्हणालास तर लावते. नाही म्हणालास तर गुंडाळी तुझी आहे, बोटीने घेऊन येईन, आणि कंपनीला सात मिळणार नाही.

तू वाजवता वाजवता हसत होतास. मला कधी कळलंच नाही की तुला माझ्या येण्याचं हसू आलं होतं, राग नाही.

आल्यास कॉफी होईल. साखर अजून तीनच का, तेही कळव. शनिवारच्या बोटीने टपाल येतं, मी धक्क्यावर असेन. लवकर लिही.

आस्ता